गळ्यातला कटर

अक्कानं मला नाव विचारायच्या आधी तोंड उघडायला सांगितलं होतं.

मी तेव्हा लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो. स्टाफरूममध्ये चहा पीत बसलो होतो, तेवढ्यात दार ढकलून एक ठेंगणी, सावळी, सुती साडीतली बाई आत आली. तिच्या मागं आमच्याच बॅचचा एक मुलगा तोंडाला रुमाल लावून उभा होता. रुमाल रक्तानं भिजलेला होता. "ह्याला मारणारा मास्तर कोण हाय?" तिनं विचारलं. खोलीत आम्ही चारपाच जण होतो आणि सगळे एकदम कपात बघू लागले. ती सरळ माझ्यासमोर आली, पर्समधून दात बघायचा छोटा आरसा काढला आणि म्हणाली, "तोंड उघडा." मी का उघडलं ते मला आजही सांगता येणार नाही. तिनं सांगितलं की लोक उघडायचे.

तिनं आरसा आत फिरवला, माझ्या दाढा बघितल्या आणि म्हणाली, "झोपेत दात खाऊन खाऊन दाढा झिजवल्यात तुम्ही. राग आत ठेवणारा माणूस हाय. तुम्ही न्हाई मारलं." मग ती पुढच्या माणसाकडे वळली. तिसऱ्या माणसानं तोंड उघडायला नकार दिला आणि गुन्हेगार सापडला. त्याला तिनं पोलिसांत वगैरे नेलं नाही. त्याच्या कोपराला धरून स्वतःच्या दवाखान्यात नेलं, मुलाच्या खुर्चीशेजारी उभं केलं आणि हातात तसराळं दिलं. मुलाचा तुटलेला दात काढून टाके घालेपर्यंत तो मास्तर रक्ताच्या गुळण्या झेलत उभा होता. आमच्या क्लासात शिस्तीचे फार गोडवे गायले जायचे. त्या दिवसानंतर निदान तेवढ्या एका माणसानं मुलांवर हात टाकला नाही.

तिचं पूर्ण नाव डॉक्टर विमल रुद्रावार. मूळची देगलूरची. घरात तेलुगू, गल्लीत दखनी आणि शाळेत मराठी, अशा तीन भाषांत तिचं बालपण गेलं आणि रागावली की तिन्ही एकदम बाहेर यायच्या. दंतवैद्यकीचं शिक्षण घेऊन तिनं नांदेडला दवाखाना टाकला होता. तो ती लातूरला का घेऊन आली, याचं उत्तर किल्लारीच्या भूकंपात होतं. सगळे तिला अक्का म्हणत. तिच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला काझी वकीलसुद्धा अक्काच म्हणायचा.

अक्कानं काढलेली आणि पुढं मलाही ओढून घेतलेली आमची संस्था परमुलखातून आलेल्या मजुरांच्या पोरांसाठी होती. भूकंपानंतर नवी गावं बांधायला तेलंगणाकडचे मजूर आले, कुटुंबकबिल्यासह आले आणि काम संपल्यावर त्यातले पुष्कळ जण परत गेलेच नाहीत. पुढं लातुरात क्लासेसचं पीक आलं. क्लासला पोरं आली, पोरांना हॉस्टेलं लागली, हॉस्टेलांना विटा लागल्या, विटांना भट्ट्या लागल्या आणि भट्टीवर कच्च्या विटा उलटायला पुन्हा पोरंच लागली, फक्त दुसऱ्यांची. त्यांना मराठी येत नसे, त्यांच्याकडे कसला कागद नसे आणि शाळेत नाव घालायला गेलं तर हेडमास्तर जन्मतारीख मागायचे. अक्का म्हणायची, "तारीख आईला ठाऊक न्हाई, माझ्या हातात आरसा हाय. दाढ आली का बघते, वय सांगते." ती चिठ्ठी लिहून द्यायची आणि मूल शाळेत जायचं.

संस्थेच्या पत्रकावर 'तज्ज्ञ मंडळ' असा एक भारदस्त शब्द छापलेला होता. तज्ज्ञ म्हणजे अक्का, काझी वकील आणि मी. मंडळाची बैठक तिच्या दवाखान्यात, पेशंटच्या बाकड्यावर भरायची. माझं तज्ज्ञपण असं की दर रविवारी मी त्या पोरांना गणित शिकवायचो आणि ती तेलुगूत माझी नक्कल करून एकमेकांना हसवायची. मी तक्रार केली तर अक्का म्हणाली, "मास्तर, ती हसून राहिली ना? तोंड उघडतंय म्हणजे निम्मं काम झालं."

हे वाक्य ती उगाच बोलत नव्हती. मुलानं तोंड उघडावं म्हणून तिची सगळी खटपट असायची. भट्टीवर गेली की ती पोरांना रांगेत उभं करायची नाही. विटांच्या थप्पीवर बसायची, पिशवीतून चिंचा काढायची आणि एकेकाला जवळ घेऊन हळू आवाजात म्हणायची, "नोरु तेरुवम्मा." तोंड उघड गं बाई, असा त्याचा अर्थ. पोर तोंड उघडायचं आणि अक्का त्या तोंडात सगळं वाचायची. कुणाचा ओठ आतून फाटून जुळलाय, कुणाचा दात दोन वर्षांपूर्वी मुळापासून हाललाय, कुणाच्या गालाच्या आत दातांचे वण आहेत. आईबाप म्हणायचे पडलं, खेळताना लागलं, बैलानं ढकललं. अक्का मान हलवायची आणि परतीच्या वाटेवर मला सांगायची, "पडलेल्याची हनुवटी फुटते, मास्तर. मारलेल्याचा गाल. माणूस खोटं बोलतंय, हाड न्हाई बोलत."

भूकंपाची गोष्ट तिनं मला एकदाच सांगितली. दवाखान्यात एका भट्टीवाल्या पोराचा जबडा तारेनं बांधून झाला होता आणि ती त्याच्या आईच्या हातात तार कापायचा एक छोटा कटर देत होती. लोखंडी, चिमट्याएवढा, सुतळी बांधलेला. ती आईला तेलुगूत दहादा बजावत होती आणि आईकडून ते पुन्हा म्हणून घेत होती. हा एवढा घोर कशासाठी, असं मी विचारलं. आई गेल्यावर अक्कानं हात धुतले आणि सांगायला लागली.

किल्लारीला ती डॉक्टरांच्या पहिल्या ट्रकमधून गेली. तिथल्या साहेबानं विचारलं, दाताची डॉक्टर कशाला आणली, इथं दात दुखायला माणूस जिवंत पाहिजे. दुपारपर्यंत त्याला उत्तर मिळालं. दगडामातीच्या भिंती झोपलेल्या माणसांच्या तोंडावर पडल्या होत्या. जबडे लोंबत होते. काही लोकांना स्वतःची जीभ घशात जाऊन गुदमरायला होत होतं आणि त्यांना ते सांगताही येत नव्हतं. वरून पाऊस. एका ताडपत्रीखाली ती तारा वळत बसली. जबडा तुटला की वरचे दात खालच्या दातांना तारेनं घट्ट बांधून टाकायचे, हाड जुळेस्तोवर तोंड बंद, हा त्यावरचा उपाय. ढिगाऱ्यातून काढलेल्या माणसांचं रक्त पावसाच्या पाण्यातून तिच्या पायाखालून वाहत होतं आणि ती बांधत होती.

"एक पोरगं हुतं," ती म्हणाली. "घरातलं सगळं माणूस गेलेलं. हेच वाचलेलं. मी त्याचा जबडा बांधला, शाबासकी दिली आणि दुसऱ्या तंबूत गेले. कुणीतरी मायेनं त्याला दूध पाजलं. त्याला ओकारी आली. तोंड तर मी बांधलेलं. लोक बोटानं तार वढून राहिले. मी पक्कड घेऊन पळत आले, मास्तर, पण ते गेलं हुतं. भूकंपानं सोडलेलं पोर माझ्या तारेनं मेलं."

मी काहीतरी बोलायला गेलो. तिनं हातानंच थांबवलं. त्यानंतर तिनं दवाखाना लातूरला आणला आणि असा नेमच केला: ज्याचं तोंड बांधलं, त्याच्या गळ्यात कटर. दवाखान्यातून त्याशिवाय माणूस बाहेर पडत नसे. श्रीमंत असो, गरीब असो, क्लासचा पोरगा असो की साहेबाची बायको, सुतळी गळ्यात घालायची आणि तारा कुठं कापायच्या ते आरशात बघून दाखवायचं. नाही दाखवता आलं तर अक्का त्याला घरी सोडत नसे.

नागमणी आमच्याकडे आली तेव्हा तिचा डावा गाल वांग्यासारखा सुजला होता. बारा वर्षांची असेल. किल्लारीच्या अलीकडं भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं एक गाव आहे, त्या गावाबाहेरच्या भट्टीवर तिचे आईबाप कामाला होते. संस्थेच्या गाडीतून आमच्या रविवारच्या वर्गाला यायची. त्या रविवारी आभाळ आलं होतं आणि कच्च्या विटा झाकायचं सोडून ती वर्गाला आली, म्हणून मुकादमानं परत गेल्यावर तिला सगळ्यांसमोर मारलं होतं. हे तिनं सांगितलं. बापानं पोलिसांत सांगितलं की पोरगी विटांच्या थप्पीवरून पडली. बाप बोलताना मुकादम त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता.

अक्कानं तिचं तोंड उघडलं, बोटानं चाचपलं, हनुवटीवर कुठं ओरखडासुद्धा नाही हे मला दाखवलं आणि एक्स-रे काढला. जबडा डाव्या कोपऱ्यात तुटला होता. तिनं तारा घातल्या, गळ्यात कटर अडकवला आणि काझी वकिलाला फोन केला. केस उभी राहिली. तिच्यात सगळं एका प्रश्नावर येऊन ठेपलं होतं. पोरगी पडली असं ठरलं, तर ती बापाच्या ताब्यात, म्हणजे त्याच भट्टीवर, त्याच मुकादमाच्या हाताखाली परत. मारलं असं ठरलं, तर ती संस्थेत राहणार आणि मुकादम आत जाणार. मधल्या काळात कोर्टानं तिला आमच्याकडे ठेवलं. तारा निघाल्या, जबडा जुळला, पण नागमणीनं कटर काही परत दिला नाही. अक्का रोज मागायची, ती रोज नाही म्हणायची. तो दोघींचा खेळच होऊन बसला.

साक्षीची तारीख लागली आणि काझी वकील म्हणाला की भट्टीवर अजून कुणी बघणारा सापडला तर बरं. अक्का लगेच निघाली. तेव्हा मोबाईलवर पोरं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज गावोगाव फिरत होते. कुठं भिकाऱ्याला झोडपलं, कुठं फिरत्या विक्रेत्याला. काझी दाराशी येऊन म्हणाला, "अक्का, जमाना खराब है. पहले पोलीस कू बोलते, फिर जाते." ती हसली. "वकीलसाहेब, त्या गावातले निम्मे जबडे मी बांधलेत. मला तिथं पोलीस कशाला लागतो?"

तिची चूक झाली ती ही. गाव आपल्याला ओळखतं, असं तिला वाटत होतं. ज्यांचे जबडे तिनं बांधले होते ते आता म्हातारे होऊन घरात बसले होते. पारावर बसली होती त्यांची नातवंडं. त्यांना भूकंप म्हणजे शाळेतला एक धडा होता.

मी गाडीत मागं बसलो होतो. गावाच्या वेशीपाशी गाडी थांबवून अक्का उतरली. भट्टीवरच्या एका बाईला यायला सांगायचं होतं, म्हणून ती रस्त्यात उभी राहून फोनवर मोठ्यानं तेलुगूत बोलत होती. शेजारच्या ओट्यावर एक पाचसहा वर्षांचं पोर गाल धरून बसलं होतं. फोन संपला आणि अक्काचा हात आपोआप पर्सकडे गेला. आरसा निघाला. "तोंड उघड बाळा," ती म्हणाली. पोरानं उघडलं आणि तिनं त्यात आरसा घातला. पारावरचा एक जण मोबाईल धरून उभा राहिला. मला आधी वाटलं, कौतुकानं फोटो काढतोय.

"ये बाई, काय करून राहिली?" असा पहिला आवाज आला. दुसरा म्हणाला, भाषा बी इथली न्हाई. अक्का वळून म्हणाली, "अरे, मी दाताची डाक्टर. किल्लारीत हुते भूकंपात." कुणीतरी ओरडलं, "डाक्टरच असत्यात, किडनी काढाया." तिच्या पर्समधून चिमटे, पक्कड, तारेची गुंडाळी रस्त्यावर पडली आणि ते बघून तर लोकांची खात्रीच पटली. मी गाडीतून उतरून मध्ये घुसलो. मला कुणी ढकललं, कुणी पाडलं ते कळलं नाही. माझ्या हातावर दगड बसला आणि मनगटाचा आवाज मी स्वतः ऐकला. मी खालून बघत होतो. अक्काचे केस एकाच्या हातात होते. ती एकसारखी गावातल्या म्हाताऱ्यांची नावं घेत होती, ज्यांना तिनं बांधलं होतं त्यांची. एकेक नाव, मोठ्यानं. कुणी येत नव्हतं. एक धिप्पाड पोरगा समोरून आला, त्यानं उजवा हात मागं घेतला आणि बुक्की मारली. नावं थांबली.

त्यानंतरही ते मारतच होते. बायका दारांतून बघत होत्या. एका बाईच्या कडेवर तेच पोर होतं, अजून गाल धरलेलं. आमच्या ड्रायव्हरनं हॉर्नवर हात दाबून गाडी गर्दीत घातली तेव्हा लोक फाकले आणि त्यानं आम्हाला दोघांना आत ओढलं. मागची काच फुटली, तिच्या काचा अक्काच्या केसांत अडकल्या. मला त्या माणसांचा त्या वेळी जितका राग आला तितका आयुष्यात कुणाचा आला नाही, आणि तो अजूनही गेलेला नाही. समजून घ्या, अफवा होती, असं मला पुष्कळांनी सांगितलं. माझ्याच्यानं ते होत नाही.

लातूरच्या सरकारी दवाखान्यात तिचा जबडा एका तरुण डॉक्टरनं बांधला. तो बांधत असताना अक्का हाताच्या खुणांनी त्याच्या चुका काढत होती. वळण उलटं दिलंस, असं सांगायला तिनं त्याच्या हातातून तार घेतली आणि स्वतःच्या तोंडाजवळ हवेत वळून दाखवली. ती शुद्धीवर आल्यापासून नागमणी कॉटजवळून हलली नव्हती. तारा बांधून झाल्या तशी ती पुढं झाली, स्वतःच्या गळ्यातला कटर हातात घेतला आणि नर्सचा आरसा मागितला. आरशात बघत तिनं अक्काच्या कुठल्या तारा कापायच्या ते एकेका तारेवर बोट ठेवून म्हणून दाखवलं. अक्कानं डोळे मिटून मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते दुखण्याचं नव्हतं.

त्या गावचा एक म्हातारा तिला भेटायला आला. हातात डबा होता. जिचा जबडा बांधलाय तिला भाकरी घेऊन आला, यावरूनच तो किती गोंधळला होता ते कळावं. त्याचं नाव तिनं रस्त्यात घेतलेल्या नावांत मी ऐकलं होतं. तो कॉटच्या पायथ्याशी उभा राहिला आणि रडायला लागला. "आवाज वळखला हुता अक्का. दाराआड हुतो. पाय न्हाई उचलला." अक्कानं त्याला जवळ यायची खूण केली. मग बांधलेल्या दातांतून, प्रत्येक अक्षर दाबत ती म्हणाली, "तोंड उघडा." त्यानं उघडलं. तिनं बोटानं त्याचा जबडा चाचपला, वीसपंचवीस वर्षांपूर्वी स्वतः जुळवलेलं हाड जागेवर असल्याची खात्री केली आणि त्याला जायची खूण केली. माफ वगैरे तिनं कुणालाच केलं नाही. ओळख परेडीत बुक्की मारणाऱ्या पोरावर तिनं बिनदिक्कत बोट ठेवलं.

साक्षीची तारीख पुढं ढकलू, असं काझी म्हणाला. तारीख ढकलली तर तोवर पोरगी बापाकडे द्यावी, असा मुकादमाच्या वकिलाचा अर्ज तयारच होता. अक्कानं नकाराची मान हलवली. आम्ही कोर्टात गेलो. मी हात गळ्यात अडकवलेला, ती तोंड बांधलेली. काझी आम्हाला बघून म्हणाला, "क्या तज्ज्ञ मंडळ है हमारा," आणि स्वतःच्याच बोलण्यानं त्याचे डोळे भरले.

कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर आम्ही वाट बघत होतो. पलीकडच्या खांबापाशी मुकादम, त्याची चार माणसं आणि नागमणीचा बाप उभे होते. उन्हाळा मी म्हणत होता. अक्काच्या पोटात दुखण्यावरच्या गोळ्या आणि थोडं ताक, बाकी काही नाही. तिचा चेहरा एकाएकी पांढरा पडला. तिनं पोटावर हात दाबला आणि माझ्याकडे बघितलं. मला कळलं, तिला ओकारी येत होती. कळलं आणि मी तसाच बसून राहिलो. तिनं एकदाच सांगितलेली किल्लारीच्या पोराची गोष्ट माझ्यासमोर घडत होती आणि माझा चांगला हातसुद्धा उठला नाही. अक्काच्या नाकातून ताक आलं. तिचा श्वास अडकला. ती बाकावरून खाली घसरली आणि तिचे पाय फरशीवर झाडले जाऊ लागले.

नागमणी तिच्या छातीवर जवळजवळ बसलीच. एका हातानं तिनं अक्काचा ओठ वर ओढला, दुसऱ्या हातात कटर. तिच्या तोंडून तेलुगूत अक्कानं पाठ करून घेतलेले शब्द चालले होते आणि त्या शब्दांच्या तालावर ती कापत होती. कट, कट. ओठ फाटून रक्त आलं, तिनं पर्वा केली नाही. शेवटची तार सुटली तसं अक्काचं डोकं तिनं बाजूला वळवलं आणि सगळं बाहेर पडलं. अक्कानं श्वास घेतला. तो आवाज मी विसरणार नाही. खांबापाशी नागमणीचा बाप खाली बसला होता आणि दोन्ही हातांनी डोकं धरून रडत होता. मुकादमाचा हात त्याच्या खांद्यावर आता नव्हता.

तेवढ्यात आतून पुकारा झाला.

काझी म्हणाला, मैं अंदर जाके बोलता, तारीख लेता. अक्का उठून बसली. तिनं माझ्या गळ्यातल्या झोळीचा जादा कपडा फाडून मागितला, हनुवटीखालून डोक्यावर बांधला, वरून तळहातानं जबडा दाबून धरला आणि आत गेली. साडीवर रक्त होतं, ताक होतं. मुकादमाच्या वकिलानं विचारलं, पोरगी पडली नाही हे तुम्ही कशावरून सांगता, तुम्ही तिथं होता का. अक्कानं दोन एक्स-रे मागवून घेतले. एक नागमणीचा, एक स्वतःचा. दोन्ही तिनं खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरायला लावले.

"हा माझा," ती म्हणाली. एकेक शब्दाला तिच्या कपाळावर घाम फुटत होता. "हा कसा तुटला ते जिल्ह्यानं मोबाईलवर बघितलंय. हा तिचा. जागा बघा."

न्यायाधीशांनी चष्मा लावून बघितलं. डावा कोपरा, आणि डावा कोपरा. समोरून आलेल्या माणसाची उजव्या हाताची बुक्की. त्यानंतर नागमणीचा बाप साक्षीला उभा राहिला आणि त्यानं पहिला जबाब बदलला. मुकादमाला शिक्षा झाली. नागमणी आमच्याकडे राहिली आणि पुढच्या महिन्यात तिचे आईबाप भट्टी सोडून लातुरात आले.

अक्काचा जबडा पुन्हा बांधला, पण तो सरळ जुळला नाही. तिचं तोंड अखेरपर्यंत डावीकडे वाकडं राहिलं. बोलताना लाळ यायची, ती पदरानं पुसायची. पोरं आधी घाबरायची, मग तीही तिची नक्कल करायला लागली आणि ती नक्कल बघून अक्का सगळ्यांपेक्षा जास्त हसायची. आरसा तिनं सोडला नाही. गावात शिरण्याआधी आता पोलिसांना सांगायची, एवढाच फरक. मी एकदा रागानं म्हणालो की ज्या गावानं असं केलं तिथं पुन्हा कशाला जाता. ती म्हणाली, "गाल धरून बसलेलं ते पोरगं आठवतं का? त्याची दाढ राहिलीच की."

परवाच्या पावसाळ्यात ती गेली. दवाखान्यातच, खुर्चीत बसल्या बसल्या, हृदय थांबून. मी पोचलो तेव्हा तिला खाली घेतलं होतं. नागमणी नांदेडहून येत होती. तिथं ती नर्सिंग शिकते, शेवटचं वर्ष. देगलूरहून अक्काचे चुलत नातेवाईक आले होते आणि त्यातले एक वयस्क गृहस्थ मृताचं तोंड बांधायला कपड्याची पट्टी शोधत होते, कारण तिचा तो वाकडा जबडा उघडाच राहिला होता. जन्मभर दुसऱ्यांना तोंड उघडा म्हणणारी बाई तोंड उघडं टाकून पडली होती आणि ते मिटवायला माझं मन होईना.

नागमणी आली. तिनं त्या गृहस्थांच्या हातातून पट्टी घेतली. अक्काच्या शेजारी बसून तिनं हनुवटीखालून पट्टी घेतली, वाकड्या बाजूला जरा जास्त आधार दिला आणि डोक्यावर नीट गाठ मारली. नर्सच्या हाताची, सफाईदार गाठ. मग तिनं स्वतःच्या गळ्यात हात घातला, सुतळी डोक्यावरून काढली आणि कटर अक्काच्या गळ्यात घातला.

वयस्क गृहस्थ म्हणाले, "पोरी, लोखंड चितेवर ठेवत न्हाईत."

"तोंड बांधलंय तिचं," नागमणी म्हणाली. "तिचाच नेम हाय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दाराशी उभ्या काझीकडे बघितलं. कुणी काढला नाही.